मांडवगडावरचा हातकागद

आमच्या वन्संनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त डॉक्टरांचं, आणि तेही भूल दिलेली असताना. धारच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाया तीर्थयात्रेला निघतात. या मात्र मांडवगडावर गेल्या आणि जुन्या सुती कपड्यांपासून हातकागद बनवायचं केंद्र काढून बसल्या. तेव्हापासून नातलगांकडे त्यांचं येणं म्हणजे कपाटांवर धाड. आमच्याकडे देवासला आल्या की चहाआधी धाकट्या भावाचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, सदरे चिमटीत धरून पाहायच्या. "यात टेरिकॉट आहे, घाल तू," म्हणून परत द्यायच्या. अस्सल सुती असला की तो गेलाच. एका मुंजीत त्या भटजींच्या उपरण्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की भटजींनी मंत्र म्हणता म्हणता ते मांडीखाली घेतलं.

गेल्या हिवाळ्यात कागदाच्या हौदापाशी घसरून वन्संचं उजवं मनगट मोडलं. "आता पुरे झालं. ताईला घेऊनच ये," असं बजावून ह्यांनी मला धाडलं, कारण स्वतः जायची ह्यांची छाती नव्हती. मी पोचले तेव्हा वन्सं प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून इंदूरच्या एका हॉटेलवाल्याशी बोलत होत्या. त्याला मेनूकार्डांसाठी पांढराशुभ्र कागद हवा होता, वर्षभर. "मैडम, थोड़ा ब्लीच मार दो ना," तो म्हणाला. वन्संनी त्याला मागच्या दारी नेलं. हौदाचं पाणी तिथून पाटाने मेथीच्या वाफ्यात जात होतं, आणि त्यांची कारागीर झुमकाबाई मेथी खुडत होती. "भिया, ये मेथी हम लोग खाते हैं," वन्सं म्हणाल्या. "सफेद चाहिए तो चूना पोत लो." तो निघून गेला. मी म्हटलं, "वन्सं, एवढी मोठी ऑर्डर होती."

"होती. गेली. तू साचा धर."

मग दुपारभर साच्याची एक बाजू त्यांनी डाव्या हाताने धरली, दुसरी मी. जाळी लगद्यात बुडवायची, सपाट उचलायची, पाणी गळू द्यायचं. माझे पहिले चार कागद फाटले, झुमकाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. पाचवा निघाला, एका कडेला पापड, दुसऱ्या कडेला भाकरी. वन्संनी तो हलकेच कापडावर उलटवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुमन, मला न्यायला आलीयस ना? एकदा विचार, म्हणजे मला नाही म्हणता येईल."

"नाही विचारत," मी म्हटलं. "अजून एक काढू या?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच घाट उतरले. दारातच ह्यांनी विचारलं, "ताई कुठे?"

"मी विचारलंच नाही."

सांगितलेलं काम न करता मी लग्नानंतर पहिल्यांदाच परत आले होते. हे माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "तिथे एकटी कशी राहील ती?"

"त्या कुठे एकट्या आहेत," मी म्हटलं आणि जेवायची पानं घेतली. आमची दोन्ही मुलं पुण्याला असतात. पानं दोनच होती.