पहिली भाकर मालकाची

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची हजेरी घेत होते. "आक्का, अण्णा गेले," एवढंच माझा धाकटा भाऊ विलास बोलला. ताडकळसहून माहेरच्या गावी पोचेस्तोवर मी रडले नाही. गिरणीला भर दिवसा कुलूप दिसलं, अन् मग मात्र राहवलं नाही.

गावातली पहिली पिठाची गिरणी आमच्या वडिलांनी, अण्णांनी आणली, परभणीहून बैलगाडीत घालून. तोवर घरोघरी जात्यावरचं दळण. "इंजिनाच्या पिठाला डिझेलचा वास येतो," म्हणून बाया तिकडं फिरकेनात. त्यांची स्वतःची आई, आमची आजी, ती भाकर तोंडाला लावेना. अण्णा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. त्यानंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच उतरते. ते पीठ त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या डब्यात जाऊ दिलं नाही. "पहिली भाकर मालकाची," म्हणायचे, अन् घरची ज्वारी दळून ती कचकचीत भाकर स्वतः खायचे. हळूहळू गावाचा विश्वास बसला... आजीचाही.

टाकी लावायचा विलासला कंटाळा, म्हणून ते काम मी शिकले. लग्नानंतरही त्यासाठी माहेरी यायची. दर वेळी अण्णा भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायचे. "खा. तू बी मालकीण हाय." मला ते लय खरं वाटायचं.

तेराव्यानंतर विलासनं कागद पुढं केला. गिरणी अन् जागा त्याची, माझा काही हक्क नाही, असं मी लिहून दिलेलं. सही माझीच. मग आठवलं. गेल्या दिवाळीत अण्णा म्हणाले होते, "गिरणीचं लाइटचं मीटर तुझ्या नावानं करायलोय, सही कर." पिठाचे हात लुगड्याला पुसले अन् केली. पोरांना अक्षरं गिरवायला लावणारी मी, पण बापानं दिलेला कागद कोण वाचून बघतं? मागितलं असतं तर हसत सोडलं असतं. गावाला जन्मभर दगडाचा एक कण चारला नाही, अन् पोटच्या पोरीला... अण्णा, तुम्ही मला फसवलंत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण खोटं कसं लिहू?

पंधरा दिवसांनी विलासचा फोन आला. "आक्का, पीठ लय जाडं यायलंय. गिऱ्हाईक दुसरीकडं जायलंय. टाकी लावायला येतीस का?"

जाऊ नये असंच वाटत होतं. तरी गेले. अण्णांची छिन्नी-हातोडी खुंटीवरच्या पिशवीत तशीच होती. सकाळभर खाचा पाडल्या, घरची ज्वारी दळली, भावजयीच्या चुलीवर भाकर थापली अन् अख्खी विलासच्या ताटात वाढली.

त्यानं घास चावला अन् थांबला. "कच लागायलीय."

"लागणारच. मालकाची हाय ती."

तो मान खाली घालून खात राहिला. माझा हात मात्र सवयीनं पुढं गेला होता, अर्ध्या भाकरीसाठी... तो मी मागं घेतला अन् पदराला पुसला.