अण्णांच्या कारखान्यातले शिंपल्याचे खडे

दगड घासून घासून गुळगुळीत होतो हो, पण माणूस? छे! पंचावन्न सालच्या आसपास वसईच्या बाजारामागे अण्णांच्या कारखान्यात मी सहा वर्षं खडे पॉलिश केले. कच्छहून गलबतानं खडक यायचे. त्यांच्या पोटात शंख-शिंपले दगड होऊन बसलेले. ते कापायचे, घुमटासारखे घासायचे, मग अंगठीत, ब्रोचमध्ये बसवायचे. कामाला तिघंच: मालक अण्णा, पाचूबंदरचा इनास आणि मी. खडे गेले, किस्से राहिले. एकाला हात लावावा तर दहा अंगावर येतात!

*

एकदा इनासच्या हाती सुरेख शंखाचा खडा लागला. अण्णा म्हणाले, "अजून थोडी चकाकी आण."

इनास घासत बसला. चकाकी अशी आली की तोंड दिसावं. शंख मात्र गायब!

"अरे, शंख कुठे गेला?" अण्णा ओरडले.

"पान्यात गेला, अण्णा. पन चकाकी बगा!"

*

कोर्टातले एक कारकून सारखे विचारायचे, "हा खडा कुठल्या ग्रहाचा?"

पाचव्यांदा विचारल्यावर अण्णा म्हणाले, "पृथ्वीचा!"

"पृथ्वीची साडेसाती असते?"

"सध्या आमच्या दुकानात चालू आहे!"

*

इनासची मावशी मासळीची पाटी घेऊन दारात टेकली. खडा उलटसुलट करून म्हणाली, "शिंपला किती दिवसांचा?"

"लाखो वर्षांचा," अण्णा ऐटीत म्हणाले.

मावशी ताडकन उठली. "आनि खुशाल विकता? मी कालचा बोंबील दिला तर तुमची बायको गल्लीभर बोंबलते!"

*

वटारच्या एका शेठची निम्मी वाडी नुकतीच कुळांच्या नावावर झाली होती. ते तणतणत अंगठी घेऊन आले. "खड्यात किडा आहे. बाहेर काढा!"

मी समजावलं, "शेठ, तो शंख आहे." ऐकतील तर शपथ!

शेवटी इनास म्हणाला, "लाखो वर्सं तो तितंच राहतोय, शेठ. कूळकायदा लागला त्याला. आता नाय निघायचा!"

शेठ अंगठी टाकून गेले. आम्ही दोघांनी अण्णांच्या शिव्या खाल्ल्या.

*

जूचंद्रचे दोघे भाऊ आले. सोबत म्हातारी आई. बाप गलबतावर खलाशी होता. त्यानं कच्छहून आणलेला एक गोटा घरात होता. बाप गेला, घर वाटलं, चूल वाटली, गोट्यावर अडलं. "मधोमध कापा. एक अंगठी याची, एक माझी," थोरला म्हणाला. धाकट्याकडे बघितलंही नाही.

तारेच्या धनुष्यानं, कुरुंदाची भुकटी नि पाणी घालत आम्ही सकाळपासून कापतोय. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना, मध्ये आई. दुपारी गोटा उघडला. आत एकच शंख, बरोबर अर्धा-अर्धा!

"माझा डावीकडे वळतो. मला उजवा पायजे," थोरला म्हणाला. बदलून दिला.

"आता माझा डावा झाला!" धाकटा म्हणाला. परत बदलला. तिसऱ्यांदा अण्णांनी कपाळावर हात मारला.

म्हातारी उठली. दोन्ही तुकडे घेतले, एकावर एक दाबले, पदरात गाठ मारली. "चला घरी."

"अहो आजी!" अण्णा किंचाळले. "मग सकाळपासून कापून कशाला घेतलंत?"

म्हातारी दारात थांबली.

"बाप गेल्यापासून दोगं एका बाकड्यावर बसले नव्हते. आज सकालपासून बसलेत की!"