बाहेरचा शिकारी

अंगठा आणि तर्जनी यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवून ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चोत्तो..." चोत्तो म्हणजे जरासं. जपानमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, इतका फसवा शब्द या भाषेत दुसरा नाही. आणि यांचं चोत्तो तर त्यातही वरच्या वर्गातलं. त्या दाण्याएवढ्या फटीतून माझी अख्खी दुपार निघून जायची.

आमचं ऑफिस कावासाकीला. मी जनरल अफेअर्समध्ये, म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझं. ते समोरच्या रांगेत बसायचे, साठीला रिटायर होऊन त्याच खुर्चीवर पुन्हा नेमलेले. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मला ते 'कुरुकारुनी-सान' म्हणत. कुलकर्णी हे आडनाव त्यांच्या जिभेला सहा वर्षांत झेपलं नाही, आणि मीही शेवटी नाद सोडला.

नियमांचं त्यांना भारी वेड. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन वेगळी. माझी लोणच्याची रिकामी बाटली तेलकट राहिली होती, तर ती नेमक्या कुठल्या कचऱ्यात टाकायची हे विचारायला त्यांनी वॉर्ड ऑफिसला फोन केला होता. मी वैतागून म्हटलं, राहू द्या हो, मी घरी नेते. तर शांतपणे म्हणाले, "किमारी देसु कारा." म्हणजे, तसं ठरलेलं आहे ना. हे वाक्य दिवसातून दहादा. लिफ्टमध्ये किमारी, जेवणाच्या सुट्टीत किमारी. घरी माझा नवरा मला चिडवायला चहाचा कप जागेवर ठेवतानाही किमारी म्हणू लागला.

असा हा माणूस हिवाळ्यात बंदूक घेऊन डोंगरात हरणं मारतो, हे कळलं तेव्हा माझा घास हातात राहिला. आपल्याकडे हरणाकडे वाकड्या नजरेने बघितलं तरी खडी फोडायला पाठवतील. इथे हरणं इतकी माजलीत की भात, कोबी, झाडांच्या साली, काही शिल्लक ठेवत नाहीत. सरकारच म्हणतं, मारा बाबांनो. फक्त कुणी मारायची, कुठे, कधी, हे दर वर्षी नव्याने ठरतं. आणि तिथूनच माझ्या छळाला सुरुवात झाली.

त्यांचं गाव दुसऱ्या केनमध्ये. केन म्हणजे इथलं राज्य म्हणा, जिल्हा म्हणा. योकोहामाहून तीन गाड्या बदलून आणि पुढे एक बस. डोंगराच्या कुशीतली वाडी, आता तीनच घरांत माणसं. ते तिथे जन्मले, तिथे वाढले, अठराव्या वर्षी नोकरीसाठी बाहेर पडले आणि योकोहामात राहिले. शिकारीसाठी प्रत्येक केनमध्ये दर वर्षी वेगळी नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीत त्यांच्या नावापुढे शब्द यायचा 'केंगाई'. केनबाहेरचा. स्वतःच्या जन्मगावात हा माणूस बाहेरचा.

आणि नियम बदलायचे ते या बाहेरच्यांचेच. एका वर्षी केंगाईंनी एक जास्तीचा फोटो जोडायचा. यांनी शिकारीची केशरी टोपी घालून, ऐटीत काढलेला फोटो पाठवला. तो परत आला, टोपी चालणार नाही म्हणून. पुढच्या वर्षी केंगाईंनी अर्ज फक्त ऑनलाइन करायचा. झालं! यांचा अंगठा कीबोर्डच्या दोन बटणांवर एकदम पडणारा. मग चोत्तो. त्याच्या पुढच्या वर्षी केंगाईंनी स्थानिक शिकारी सोबत असल्याशिवाय डोंगरात जायचं नाही. त्या स्थानिक शिकाऱ्याचा संमतिअर्ज, त्याचा शिक्का, त्याच्या परवान्याची प्रत. मी म्हटलं, माझा व्हिसा यापेक्षा लवकर होतो. ते गंभीरपणे म्हणाले, तुम्ही फक्त परदेशी आहात, मी केंगाई आहे. हा विनोद होता हे मला घरी पोचल्यावर कळलं.

तो स्थानिक शिकारी म्हणजे वाडीतले ऐंशी पार केलेले एक म्हातारे. हे त्यांना दादा म्हणायचे. सख्खे नव्हेत, पण विशीत यांच्या हातात पहिल्यांदा बंदूक दिली ती त्यांनी. मोसमाच्या पहिल्या दिवशी दोघांनी पहाटे वर चढायचं, एकाने खालून हाकारायचं, दुसऱ्याने खिंडीत थांबायचं, आणि हरीण मिळालं तर काळजाचा तुकडा काडीला टोचून आधी डोंगराच्या देवाला द्यायचा. चाळीसहून जास्त वर्षं एकही पहिला दिवस चुकला नव्हता. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला मात्र डोळ्यांपुढे अपलोड न झालेली फाइल दिसत असायची.

मांसही आणायचे, गोठवलेलं, तारीख लिहून. मी खात नाही हे मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी थोडं लहान पाकीट आणायचे. नवरा कोल्हापूरचा, त्याची चैन होती. एकदा त्याने केलेला रस्सा मी डब्यातून त्यांना नेऊन दिला. एका घोटात ते घामाघूम झाले, डोळे पुसले आणि म्हणाले की हरणाने यासाठी जीव दिला असेल तर त्याची हरकत नसावी.

मागच्या वर्षी सप्टेंबरात ते आले तेव्हा बोटांची फट नेहमीपेक्षा बारीक होती. नवा नियम. केंगाईंना पहिला महिना पूर्ण बंदी, स्थानिक सोबती असला तरी. मी म्हटलं, मग महिनाभराने जा, एवढं काय. त्यांनी हळूहळू सांगितलं. महिनाभराने वरची वाट बर्फाने बंद होते. दादांचे गुडघे गेलेत, आणि या मोसमानंतर ते परवाना परत करणार आहेत. म्हणजे हा पहिला दिवस गेला, की पुन्हा दुसरा नाही.

मी काय करणार? नियम मी केले नव्हते. चिडचिड करत अर्ज उघडला. ते शेजारी बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात होते. सहा वर्षं मी त्यांचा पत्ता भरत आले होते, पण या वेळचा फॉर्म नवा होता, जुनं काहीच आपोआप येत नव्हतं. पत्त्याच्या रकान्याशी आल्यावर मी स्क्रीनवरची नजर न काढता सवयीने विचारलं, "घर कुठलं?" त्यांनी वाडीचं नाव सांगितलं, पोस्टासकट. मी भरलं. मला त्यात काही खटकलं नाही, कारण माझे वडील चाळीस वर्षं ठाण्यात राहूनही कुठल्याही फॉर्मवर आधी मु. पो. लिहून गावाचंच नाव घालायचे. ठाण्याचा पत्ता त्यांच्या लेखी 'सध्या'चा होता. परवान्याची प्रत मी जोडली होती, तिच्यावर योकोहामा ठळक छापलेलं होतं. ते दोन कागद तिकडे कुणी एकत्र पाहिलेच नाहीत.

नोव्हेंबरात नोंदणीचं कार्ड आलं. त्यांनी ते माझ्या टेबलाशी उभं राहून उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिले. मग छातीच्या खिशात ठेवलं, बटण लावलं आणि मला इतके वाकून नमस्कार करून गेले की मला अवघडल्यासारखं झालं. किमारी म्हणाले नाहीत. मला वाटलं, सुटले एकदाची या वर्षापुरती.

पहिल्या दिवसाची त्यांनी रजा घेतली. परत आले ते तोंडभर हसत. दादांना अर्ध्या वाटेपर्यंत पाठुंगळी घ्यावं लागलं, हरीण दादांनाच मिळालं, काळजाचा तुकडाही त्यांनीच वाहिला. पाकीट या वेळी मोठं होतं. बंदी असताना कसे गेलात, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. इतका आनंदी माणूस ऑफिसात क्वचित दिसतो, त्यात कोण खोडा घालणार.

डिसेंबरात त्यांना केनच्या ऑफिसातून फोन आला. ते उभे राहिले आणि फोनपुढे वाकू लागले. "मीच भरला. हो, पत्ता मीच दिला. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही." चार वेळा तेच. तेव्हा मला तो पत्त्याचा रकाना आठवला. फोन ठेवल्यावर मी त्यांना पँट्रीत गाठलं आणि म्हटलं, फॉर्म मी भरला होता, मी त्यांना तसं कळवते.

"तुम्ही घर विचारलंत," ते म्हणाले. "मी घर सांगितलं."

"पण कार्डावर तुम्हाला स्थानिक लिहिलंय, हे तुम्ही वाचलं होतं ना?"

"वाचलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "दादा वाट बघत होते," म्हणाले.

मला इतका राग आला! लोणच्याच्या बाटलीसाठी फोन करणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकदाच नियम मोडला आणि तोही माझ्या चुकीच्या आडोशाने, आणि वर ती चूकही स्वतःच्या अंगावर घेतली. नोंदणी रद्द झाली. बंदूक ठेवायला हरकत नाही, असं चौकशीला आलेला पोलीस स्वतः म्हणाला होता. तरी यांनी ती नेऊन जमा केली. नियम मोडलेल्याने बंदूक ठेवायची नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ही किमारी त्यांची त्यांनीच केली होती. मी भांडले, अगदी मराठीतही बोलले. ते ऐकून घेत राहिले.

मार्चमध्ये त्यांची मुदत संपली. त्यांनी योकोहामाचं घर सोडलं आणि वाडीत राहायला गेले. आता सगळ्या कागदांवर ते स्थानिक आहेत, एकदम पक्के. माझ्या समोरच्या खुर्चीवर प्रिंटरचे कागद ठेवतात. दुपारी माझी कामं वेळेत होतात, आणि मला त्याची सवय होत नाही.

या सप्टेंबरात मी मुद्दाम त्या केनची वेबसाइट उघडली. केंगाईंवरची बंदी काढून टाकली होती. एका वर्षात! बाहेरचे शिकारी पुरेसे येत नाहीत म्हणून. माझ्या तोंडून ऑफिसातच नको तो शब्द गेला. मी जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला.

त्यांना माहीत होतं. "मला काय त्याचं, कुरुकारुनी-सान," ते हसत म्हणाले, "मी आता केंगाई नाही." मग सांगू लागले. परसात मुळा लावलाय. दादा रोज येऊन शेजारी उन्हात बसतात. हरणं येतात आणि दोघांच्या देखत पाला खातात. दोघांकडेही बंदूक नाही, हे त्यांना बहुतेक कळलंय.

"किती जवळ येतात?" मी विचारलं.

फोनवर काही दिसत नव्हतं, पण ते बोटांनी दाखवत होते, हे मला समजलं.

"चोत्तो," ते म्हणाले.