कूलरपुढे टांगलेला जावई

नागपूरच्या महाल भागातल्या नानाजी धकात्यांचा धंदा पुस्तकबांधणीचा आणि नाद रॉकेटचा. लोक कबुतरं पाळतात, नानाजी रॉकेटं पाळत. पुठ्ठ्याची नळी गुंडाळायची, मागं पंख चिकटवायचे, ओळखीच्या आतषबाजीवाल्याकडून दारू भरून आणायची. त्यांचं पहिलंच रॉकेट वर जायचं सोडून आडवं सुटलं आणि एका वरातीच्या घोड्याखालून गेलं. घोडा उधळला. नवरदेव नंतर इतवारीत सापडला.

तेव्हापासून तपासल्याशिवाय रॉकेट उडवायचं नाही, अशी नानाजींनी शपथ घेतली. तपासणी सोपी होती. रॉकेट दोरीवर जिथं आडवं तोललं जाईल तिथं गाठ मारायची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढं ठेवून फिरलं तर सरळ उडणार, शेपूट पुढं केलं तर दगा देणार. दगा देणाऱ्याच्या नाकात थोडी माती भरून ते जड केलं की तेही सुधारे. नानाजींना चक्कर यायची, म्हणून फिरवायचं काम त्यांची एकुलती एक मुलगी सत्यवती करी.

सत्यवती लग्नाची झाली तेव्हा नानाजींना तो इतवारीचा नवरदेव आठवला. जावईही तपासूनच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. माणूस गरगर फिरवता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी बैठकीतली बंगई, म्हणजे झोपाळा, काढली, तिच्या छताच्या कडीला खाटेच्या निवारीची रुंद पट्टी लोंबकळवली आणि समोर खसाचा, वाळ्याच्या ताट्यांचा, मोठा कूलर आणून ठेवला. मुलाला पट्टीत आडवं तोलायचं आणि कूलर सुरू करायचा. डोकं वाऱ्याकडे वळलं तर संसार सरळ. पाय वळले तर सरबत पाजून वाटेला लावायचं.

दोन चांगली स्थळं अशी गेली. त्यातलं एक तर बँकेतलं होतं. सत्यवतीच्या आईनं, देवकीबाईंनी, कपाळाला हात लावला.

"अख्ख्या नागपुरात पोरगा उल्टा टांगून पाहनारे तुमीच."

"उल्टा नाही, आडवा," नानाजी म्हणाले.

मग त्र्याऐंशीच्या मे महिन्यात उमरेडहून रविंद्र आला, सोबत त्याचे मामा बाबूलालजी. रविंद्राला सत्यवतीनं मावसबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं. चार शब्द बोलणं झालं होतं आणि तिला आता तोच हवा होता. पण तो दारातून आत आला आणि तिची नजर आधी त्याच्या मांड्यांवर गेली. गावोगाव सायकल हाकत विहिरींचे पंप दुरुस्त करणारा माणूस तो, छाती पापडासारखी आणि मांड्या उखळासारख्या. इतकी रॉकेटं फिरवलेल्या मुलीला टांगून पाहायची गरजच नव्हती. हा पाय वाऱ्याकडे करणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

रविंद्राच्या डोक्याला उन्हासाठी दुपट्टा बांधलेला होता. "ओला करून देते," म्हणत तिनं तो मागून घेतला. स्वयंपाकघरातून परत आणला तेव्हा खलबत्त्यातला लोखंडी बत्ता त्यात गुंडाळलेला होता.

"असाच बांधून ठेवा जी. काही झालं तरी सोडू नका."

रविंद्राची मान एका बाजूला कलली, पण त्यानं दुपट्टा तसाच बांधला. तिथं तो तिला आणखीच आवडला.

नानाजींनी त्याला पट्टीत घातलं.

"हे काय होय जी?" बाबूलालजींनी विचारलं.

"स्टेबिलिटी."

"असन. महालात पद्धत असन," म्हणून मामांनी सरबत तोंडाला लावलं.

पट्टी कमरेला घालून तोल बसेना. सरकवत सरकवत ती छातीखाली आली तेव्हा कुठं मुलगा आडवा राहिला. नानाजींच्या भुवया वर गेल्या. कूलर सुरू झाला. रविंद्र आधी मामांकडे वळला, पायानं त्यांचा पेला थोडक्यात चुकवला, मग डोकं पुढं करून कूलरसमोर जो थांबला तो थांबलाच. खसाचं पाणी त्याच्या नाकावर उडत राहिलं. नानाजींना भरून आलं.

"सत्यवती, बत्ता कुठं गेला वं?" आतून देवकीबाईंनी हाक मारली. "इलायची कुटाची आहे."

तेवढ्यात खाली उतरलेला रविंद्र नानाजींच्या पाया पडायला वाकला. दुपट्टा सुटला आणि बत्ता नानाजींच्या अंगठ्यावर पडला.

नानाजींनी बत्ता उचलून हातात तोलला.

"हे कोनं केलं?"

"मी केलं, बाबा." सत्यवती पुढं आली. "रॉकेट शेपटीनं जड निंगालं तर तुमी फेकून देता का? नाकात माती भरता नं?"

नानाजी अंगठा धरून खाली बसले. त्यांच्याच शास्त्रात त्यांना खोट काढता येईना.

"त्या घोड्यावरच्या नवरदेवाले असं वजन भरून देनारी कोनी नव्हती," ते शेवटी म्हणाले. "तारीख काढा."

लग्न उरकलं. सत्यवती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा निवारीची पट्टी बैठकीत तशीच लोंबत होती आणि नानाजी भिंतीला टेकून बसले होते.

"तू गेली अन् दुसऱ्या दिवशी सोताच लटकले," देवकीबाईंनी सांगितलं. "पाय गेले कूलरकडं. तवापासून रॉकेटाले हात नाही लावला."

"माह्या नाकातलं वजन तू होती वं," नानाजी म्हणाले. "आता मी कुठी जाऊन आदळन, काही भरोसा नाही."

सत्यवतीला रडू आवरेना. ती रडतरडतच उठली, स्वयंपाकघरातून बत्ता आणला, वडिलांच्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यांच्या डोक्याला घट्ट बांधला आणि त्यांना पट्टीत निजवलं. तोल साधून तिनं कूलर लावला. नानाजी हळूहळू फिरले आणि त्यांचं तोंड खसासमोर येऊन थांबलं.

"सरळ आहे का?"

"सरळ आहे, बाबा."

ते काही केल्या उतरेनात. देवकीबाईंनी त्या दिवशी चहात वेलची घातली नाही.