गेमला आवाज कशाला पायजे?

डोकं फिरलंय माझं अजून, म्हणून एका दमात लिहितेय!

दादाकडं हातात धरून खेळायचा गेम आहे, दोन्ही बाजूला बटणं, मधे स्क्रीन. वरून रंगीत चौकोन येतात, एका रंगाचे तीन जुळवून गोळी मारायची. पण कधीही मारून चालत नाही! गाण्याच्या ठेक्यावर मारली तरच चौकोन फुटतो, नाहीतर गोळी वाया. आणि नेम लागला की गाण्यात अजून एक वाद्य मिसळतं. म्हणजे गाणं आपणच वाजवत असतो, कसलं भारी ना!

दादा पुण्याला नोकरीला. सुट्टीला आला की गेम माझा. या वेळी फक्त शेवटची लेव्हल राहिलेली. रविवारी संध्याकाळी दादा जाणार, त्याच्याबरोबर गेमही. आणि शुक्रवारी स्क्रीनवर हिरव्या रेघा!

सात रस्त्याजवळ मोबाईल दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांच्याकडं टाकला. रविवारी दुपारी आणला. स्क्रीन चकाचक. आवाजच नाही! इयरफोन लावला, तरी नाही. तशीच उलट पावली दुकानात गेले.

"काका, आवाज गेलाय."

"दिसतंय की सगळं! गेमला आवाज कशाला पायजे?"

"त्याशिवाय खेळताच येत नाही."

"येतंय गं. बिगर आवाजाचं बॅटरी बी लई टिकती."

कान तापले माझे. "मग खेळून दाखवा तुम्ही."

मोबाईलचं कव्हर बघत एक मावशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दाखवा की वो."

काका खेळले. पहिल्याच लेव्हलला मेले. परत मेले. "बटण अडकतंय," म्हणाले.

"बटण न्हाय, तुमचा हात अडकतोय," मावशी म्हणाल्या.

काकांनी रागारागानं गेम उघडला. आतली आवाजाची वायर जोडायचीच राहिलेली. त्यांच्याकडून! जोडली, आणि धाड धाड ठेका सुरू. 'चुकलं' वगैरे म्हणणं काही नाही. वर म्हणतात, "बघतो नीट चालतंय का," आणि बसले की खेळत! पहिली लेव्हल, दुसरी, मान हलवत.

"द्या की काका!"

"थांब गं, टेस्टिंग चाललंय."

दादा बॅग घेऊन दुकानाच्या दारात आला. "आटप, गाडी चुकंल माझी." मी गेम हिसकावलाच. तिथंच स्टुलावर बसून शेवटची लेव्हल उघडली. दोन रांगा फोडल्या, गाणं नुकतं भरायला लागलं, आणि स्क्रीन काळी. बॅटरी खलास! चार्जर दादाच्या बॅगेत तळाशी, दुकानातली एकही पिन बसेना.

काका शांतपणे म्हणाले, "आवाजानं बॅटरी उतरती. सांगितलं न्हवतं व्हय?"

मला रडूच येत होतं रागानं. दादानं गेम बॅगेत टाकला, चेन ओढली. आणि काका, काचेच्या काउंटरवर बोटानं तोच ठेका वाजवत होते. बरोबर वाजवत होते, त्याचाच जास्त राग आला.