काकांना न सापडलेलं फ्लाइंग स्कूल

निर्णय घेण्याची तयारी करण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची बरोबरी करील असा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या डोक्यावर राहत. पावशेर मिरच्या घ्यायच्या तरी चार ठेल्यांवरच्या मिरच्या मोडून बघत, आणि तोवर भाजीवाला "अंकलजी, कल आना" म्हणत ताडपत्री ओढून घेई. एकदा मे महिन्यात ते पंखा घ्यायला निघाले. पंखा घरी आला तेव्हा आम्ही रजया उन्हात टाकत होतो.

अशा माणसाच्या मुलीने बारावी झाल्यावर सांगितलं, की तिला पायलट व्हायचंय. दुसरा बाप हबकला असता, काका खुलले. "पोरगी विमान उडवणार, तर शाळाही तशीच हवी," असं मला म्हणाले आणि कामाला लागले. देशातली फ्लाइंग स्कूल, परदेशातली, विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम, हवाई दल, सगळ्यांचा एक तक्ता त्यांनी भिंतीवर लावला. कुठे विमानं जुनी, कुठे धुक्यामुळे उड्डाणाचे तास भरत नाहीत, कुठे शिक्षकच टिकत नाहीत. एका स्कूलच्या कॅन्टीनची डाळ चाखायला ते खास बस पकडून हरियाणात जाऊन आले. "डाळीत पाणी फार," हा शेरा तक्त्यात लाल शाईने चढला. मुलगी वैद्यकीय तपासणीत पास झाली. फॉर्म निघत होते, मुदती संपत होत्या.

"बाबा, कुठलंही एक चूज करा ना. चलेगा मला," ती म्हणायची.

"अगं, इथे केलेली घाई हवेत निस्तरता येत नाही," काका म्हणायचे, आणि आम्ही सगळे हसायचो.

अशी तीन वर्षं गेली. तिची बी.एस्सी. झाली आणि एक दिवस कुणाला न विचारता ती विमानतळावर चेक-इन काउंटरच्या नोकरीला लागली. काकांना कळलं ते ती रुजू झाल्यावर. त्या संध्याकाळी तक्ता भिंतीवरून उतरला.

मागच्या वर्षी काका आणि मी एकाच विमानाने पुण्याला निघालो. काउंटरवर नेमकी तीच होती. "बाबा, विंडो की आइल?" काका विचारात पडले. मागची रांग चुळबुळू लागली. ती थोडी थांबली, मग हसून म्हणाली, "विंडो दिलीय. जा आता, बोर्डिंग सुरू होईल."

विमानात काका खिडकीतून धावपट्टी बघत होते. मग म्हणाले, "कुठलीही शाळा चालली असती रे. सगळ्या बऱ्या होत्या. पण एक निवडली असती, तर पोरगी खरंच उडाली असती. मला भीती वाटायची."

त्यांच्या तक्त्याचे किस्से मीच घरोघरी रंगवून सांगितले होते. त्या तीन वर्षांत एकदाही मी त्यांना, "काका, भरा आता फॉर्म," असं म्हणालो नव्हतो.