वेगळं बसायचं ठरलं होतं

नाशकात मे महिन्यात गोदाकाठी रोज संध्याकाळी व्याख्यान असायचं. उघड्यावर, पुढे सतरंज्या आणि मागे खुर्च्या. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं जात होतो. जागा धरायची रीत सोपी होती. ऊन उतरलं की लवकर जायचं, खुर्चीवर रुमाल किंवा पिशवी ठेवायची आणि खुशाल चहा प्यायला निघून जायचं. दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावत नसे.

दोन हजारनंतरच्या वर्षांत त्याच पिशवीची भीती वाटू लागली. कुठे ना कुठे बॉम्बस्फोट व्हायचे आणि बेवारस वस्तूला हात लावू नका, असं सगळीकडे लिहिलेलं असायचं. मी ओझरला कारखान्यात हिशेबाच्या कामाला होतो. फाटकावर रोज माझा जेवणाचा डबा उघडून बघत, आणि मला त्याचं बरंच वाटे.

अशाच एका मे महिन्यात संयोजकांना निनावी फोन आला. व्याख्यानं बंद करा, नाहीतर स्फोट होईल, असा. बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी घाटावरच्या फळ्यावर त्यांनी लिहिलं की व्याख्यान ठरल्या वेळी होईल, पिशव्या आणू नयेत, आणि ज्यांना यावंसं वाटत नाही त्यांच्याबद्दल आमचं काहीही म्हणणं नाही.

आमच्या गल्लीतल्या लोकांनी एकत्र जायचं ठरवलं. शेजारचे निवृत्त काका एरवी पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागत. ते म्हणाले, "आज जागा राहीन, शब्द देतो." सगळे हसले. मी हसलो नाही.

मी बायकोला म्हटलं, मी एकटा जातो. तिने ते ऐकून घेतलं नाही. घरात दोन मुलं होती, दोन्ही शाळेतली. आजीजवळ त्यांना एक संध्याकाळ ठेवता आलं असतं, जन्मभर नाही. म्हणून मी सांगितलं की काहीही झालं तरी मुलांना दोघांपैकी एक उरला पाहिजे. तिने पुढे बायकांत सतरंजीवर बसायचं, मी शेवटच्या खुर्च्यांत.

"स्फोट पुढे होणार की मागे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"म्हणूनच वेगळं बसायचं."

ती मुलांच्या ताटात वरण वाढत राहिली.

त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. लोक एकमेकांशी जरा मोठ्यानेच बोलत होते, फोनचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. मी बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. तीन होत्या आणि तिन्ही अरुंद. मग खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर निळी चेनची पिशवी होती.

आधी वाटलं, कुणीतरी सवयीने ठेवली असेल, येईल. व्याख्यान सुरू झालं तरी कुणी आलं नाही. विषय धरणाच्या पाण्याचा होता. एरवी मी असे आकडे घरी येऊन पुन्हा सांगायचो, त्या दिवशी एकही आकडा कानात शिरला नाही. पुढच्याला विचारलं, मागच्याला विचारलं. पिशवी त्यांची नव्हती. तिच्यात खाली काहीतरी गोल, जड होतं.

ओरडलो असतो तर सगळे त्या तीन वाटांकडे धावले असते आणि पुढे बसलेली माझी बायको पायांखाली आली असती. गप्प राहणंही शक्य नव्हतं. मी उठलो. कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या कानात सांगितलं. त्याने पोलिसांना बोलावलं.

पोलिसांनी आमच्या तीन रांगांना हळूच उठायला सांगितलं. पंगतीत म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसे लोक उठले आणि लांब घाटाच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. वक्त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पाणी प्यायलं आणि माइकवरच विचारलं, "थांबू का?"

पुढून काकांचा आवाज आला, "तुम्ही बोला. आम्ही बसलोय."

खरोखरच कुणी उठलं नाही. वक्ते पुन्हा बोलू लागले.

एका अधिकाऱ्याने सगळ्यांना आणखी मागे सरकवलं आणि स्वतः वाकून चेन उघडली. ते नियमात बसत नसावं. आत पाण्याची बाटली निघाली, आणि पाठीला लावायची छोटी उशी. कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मालक तिथे असला तरी तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

पोलीस पिशवी घेऊन गेले. आम्ही तिन्ही रांगा परत येऊन बसलो. ती एक खुर्ची तेवढी रिकामी राहिली. मागे कितीतरी लोक उभे होते, पण कुणी पुढे होईना.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून बायको उठली. सगळ्यांसमोरून चालत मागे आली आणि त्या खुर्चीवर बसली.

मी हळूच म्हटलं, "अगं, ठरलं होतं ना? मुलांचं काय?"

"पुढे बसलं की मागचं काही दिसत नाही," ती म्हणाली. "सारखी मान वळवत होते."

तिने पदराखाली माझा हात धरला. तिचा हात घामाने ओला होता. वक्ते धरणात किती पाणी उरलंय ते सांगत होते आणि ती नीट त्यांच्याकडे बघत होती. मी पुन्हा वाटा मोजल्या. तीनच होत्या.